टर्बो पेट्रोल ट्रॅक गाडीला ऑइल कॅच टँक: नळीचा व्यास, टाकीची जागा आणि किनाऱ्यावरची हवा

मिऱ्याबंदर (धागाकर्ता)

नमस्कार. ऑइल कॅच टँक, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूतले तेल अडवून साठवणारी टाकी, मला गाडीला बसवायची आहे. माझ्याकडे १३६८ सीसीची, चार सिलिंडरची टर्बो पेट्रोल गाडी आहे. तिचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव लिहिले की चर्चा सुट्या भागांच्या टंचाईकडे वळते आणि त्या विषयावर येथे पुरेसे लिहून झाले आहे. इंधन इनटेक पोर्टमध्ये फवारले जाते, ताकद आता १५० अश्वशक्तीच्या आसपास आहे, आणि गाडी रत्नागिरीत राहून कधी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, तर कधी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर जाते. एरवी ती घाटात आणि महामार्गावर चालते.

इंटरकूलरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाच्या) नळ्या साफ करण्यासाठी उतरवल्या तेव्हा त्याच्या खालच्या टाकीत तेलाचा पातळ थर दिसला. टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) टर्बोच्या आधीच्या हवेच्या नळीकडे जाणारा ब्रीदर होस, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर नेणारी नळी, आतून ओला होता, इनटेक मॅनिफोल्डकडे जाणारी पीसीव्हीची (क्रँककेसमधल्या वायूला वाट देणाऱ्या झडपेची) नळी मात्र तुलनेने कोरडी होती. इंजिनाची लीक-डाउन चाचणी (सिलिंडरमध्ये भरलेली दाबाची हवा किती निसटते ते पाहणारी) करून घेतली आहे आणि चारही सिलिंडरची गळती १० टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे रिंगा शाबूत आहेत.

हे तेल कोणत्या वाटेने येते ते थोडक्यात लिहितो, म्हणजे नंतरची चर्चा सोपी होईल. रिंगांच्या कडेने निसटलेला ज्वलनवायू क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीत, उतरतो आणि तेलाचे धुके सोबत घेऊन बाहेर पडायला वाट शोधतो. थ्रॉटल बंद किंवा अर्धवट उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये निर्वात असतो, त्यामुळे हा वायू पीसीव्हीतून मॅनिफोल्डमध्ये ओढला जातो आणि ब्रीदरच्या नळीतून उलट ताजी हवा आत येते. टर्बोने दाब धरला की मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाहून जास्त होतो, पीसीव्हीची एकमार्गी झडप मिटते, आणि सगळा वायू ब्रीदरमधून टर्बोच्या तोंडाशी जातो. ट्रॅकवर बराच वेळ पूर्ण दाब असतो, शिवाय लांब वळणात तेल एका बाजूला सरकून टॅपेट कव्हरमध्ये साचते. माझी ब्रीदरची बाजू ओली आणि पीसीव्हीची कोरडी का, याचा उलगडा यातून होतो.

बाजारात मिळणाऱ्या बहुतेक टाक्या तीनशे ते पाचशे मिलीच्या आहेत आणि त्यांच्या निपलना (नळी चढवायच्या तोंडांना) जेमतेम ९ मिमीची नळी बसते. मूळ ब्रीदरचे भोक त्याच्या जवळजवळ दुप्पट व्यासाचे आहे. त्यामुळे टाकी करवून घ्यावी असे मनात आहे. तिचा आकार, जागा, धातू आणि नळीचा व्यास यांबद्दल जाणकारांनी सविस्तर लिहावे.

कुंभार्ली_उतार

एक मूलभूत शंका आहे. कॅच टँकची सगळी महती थेट इंजेक्शनच्या इंजिनांसाठी सांगितली जाते, कारण तेथे इनटेक व्हॉल्व्हवर पेट्रोल पडत नाही आणि तेलाचा कार्बन त्यावर थरावर थर चढत जातो. आपल्या इंजिनात पोर्टमध्येच पेट्रोल पडते, व्हॉल्व्ह धुतले जातात. मग इंटरकूलरमधल्या पातळ थरासाठी एवढा खटाटोप कशाला? कंपनीच्या अभियंत्यांनी विचार करूनच ती नळी टर्बोला जोडली असेल.

मिऱ्याबंदर

शंका रास्त आहे, आणि गाडी फक्त चिपळूण ते कराड चालणार असती तर मी काहीच केले नसते. व्हॉल्व्हवरच्या कार्बनचा मुद्दा माझ्या इंजिनाला लागू नाही. मात्र सिलिंडरमध्ये शिरणाऱ्या हवेत तेलाचे धुके असले की मिश्रणाची नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटून इंजिनाला बसणारे ठोके) टाळण्याची क्षमता घटते. एप्रिल-मेच्या उकाड्यात इनटेकची हवा आधीच तापलेली असते, आणि ईसीयू (इंजिनाचा नियंत्रक संगणक) अशा वेळी प्रज्वलन मागे घेऊन ताकद कमी करतो. तेलाने माखलेला इंटरकूलर उष्णताही कमी टाकतो. कंपनीची मांडणी रस्त्यावरच्या वापरासाठी अगदी बरोबर आहे. सलग वीस मिनिटे पूर्ण दाबाने धावणे हा त्या मांडणीचा हिशेब नव्हता.

देवगड_डिझेल

मी मासेमारीच्या बोटींच्या इंजिनांचे काम करतो. गाड्यांचा अनुभव त्यामानाने कमी, पण ब्रीदरचे दुखणे दोन्हीकडे एकच आहे, म्हणून लिहितो.

लोक टाकीपासून सुरुवात करतात, तेथेच काम बिघडते. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते मिस्त्री म्हणत, "आधी इंजिनाक श्वास घेवक दी, मगे तेल धर." क्रँककेसमधला दाब वाढला की तो सर्वांत दुबळ्या जागेतून बाहेर पडतो: डिपस्टिक वर उचलली जाते, क्रँकचे मागचे ऑइल सील पाझरू लागते, टॅपेट कव्हरचे गॅस्केट ओले होते. टर्बोच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. टर्बोच्या बेअरिंगमधले तेल परत चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाशी तेल साठते त्या भागात) उतरते ते केवळ स्वतःच्या वजनाने. त्या परतीच्या नळीत तेलाला ढकलणारा पंप नसतो. चेंबरमध्ये दाब असला की हे तेल तुंबते आणि टर्बोच्या सीलमधून कॉम्प्रेसरच्या किंवा एग्झॉस्टच्या बाजूला निघते. मग एग्झॉस्टला निळा धूर दिसतो, मालक टर्बो बदलतो, आणि नवा टर्बोही महिन्याभरात तसाच धूर काढू लागतो. बिघाड मात्र नुकत्याच लावलेल्या चकचकीत टाकीच्या अरुंद निपलमध्ये असतो.

म्हणून माझी सूचना अशी की टाकी बनवण्याआधी क्रँककेसचा दाब मोजून ठेवावा. त्यासाठी महागडे मीटर लागत नाही. डिपस्टिकच्या नळीला पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी हवाबंद जोडावी, दुसऱ्या टोकाला तिचा यू आकार करून त्यात रंगीत पाणी भरावे आणि दोन्ही बाजूंच्या पातळीतला फरक मोजपट्टीने पाहावा. १०० मिमी पाण्याचा फरक म्हणजे जेमतेम ०.०१ बार. यूची उंची भरपूर ठेवावी आणि थ्रॉटल सोडण्यापूर्वी नळीला चिमटा लावावा, कारण निर्वाताच्या वेळी ते पाणी इंजिनाकडे ओढले जाऊ शकते. वाचन सोबत बसलेल्या माणसाने करावे, चालवणाऱ्याने नव्हे.

लोटे_प्रक्रिया

लोटे-परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक प्रक्रियेच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. वायूतून धुके वेगळे काढणे हा आमच्याकडचा रोजचा विषय असल्याने थोडा हिशेब मांडतो. आकडे ढोबळ आहेत, पण निर्णय घेण्यापुरते पुरेसे आहेत.

१५० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन पूर्ण ताकदीवर मिनिटाला साधारण सात किलो, म्हणजे पावणेसहा घनमीटरच्या आसपास हवा घेते. रिंगा चांगल्या असतील तर निसटणारा वायू त्याच्या एक टक्क्याच्या घरात किंवा त्याहून कमी असतो. तापमानाने होणारी वाढ धरली तर तो मिनिटाला ६०-७० लिटर होईल. इंजिन पुढेमागे झिजणारच, म्हणून आपण १०० लिटर धरू.

हा प्रवाह १२.७ मिमी आतील व्यासाच्या नळीतून नेला तर त्याचा वेग सेकंदाला १३ मीटर होतो. १९ मिमीच्या नळीत तोच वेग सहा मीटरच्या आत राहतो. मीटरभर नळी आणि दोन-तीन वळणे धरली तर पहिल्या नळीत दाबाचा तोटा ४०-५० मिमी पाण्याइतका होतो, दुसऱ्या नळीत तो दहा मिमीच्याही आत राहतो. व्यास दीडपट झाला की तोटा पाच-सहा पटींनी उतरतो. धाग्यात उल्लेख आलेल्या ९ मिमीच्या निपलचा हिशेब मी मुद्दाम करत नाही. देवगडकरांनी सांगितलेली सगळी दुखणी त्यातून निघतील.

आता टाकीच्या आतले. रिकाम्या डब्यात वायू एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघतो. त्यात फक्त मोठे थेंब खाली पडतात. क्रँककेसच्या धुक्यातला बराच भाग एका-दोन मायक्रॉनहून बारीक असतो आणि तो वायूबरोबर सरळ निघून जातो. आमच्या स्तंभांच्या माथ्यावर विणलेल्या स्टेनलेस तारेचे डेमिस्टर पॅड बसवलेले असते. वायू तारांमधून वळणे घेत जातो, थेंबाला त्याच्या जडत्वामुळे तेवढ्या चपळाईने वळता येत नाही, तो तारेवर आपटतो, शेजारच्या थेंबाला मिळतो, जड होतो आणि खाली गळतो. तार जितकी बारीक, तितका लहान थेंब अडकतो.

यातली मेख अशी की ही क्रिया वेगावर चालते. वातावरणाच्या दाबाला अशा पॅडसाठी साउडर्स-ब्राउनच्या (वायूचा कमाल चालेल असा वेग काढणाऱ्या) सूत्रातला स्थिरांक सेकंदाला ०.१०७ मीटरच्या आसपास धरतात. तेलाची आणि गरम वायूची घनता त्या सूत्रात घातली की कमाल वेग सेकंदाला तीन मीटर येतो. त्याहून वेगाने गेल्यास पकडलेले तेल वायू पुन्हा उचलून नेतो. पण त्या वेगाच्या तीस टक्क्यांखाली गेलो तर थेंब तारांना टाळून आरामात वळतात आणि पॅड जवळजवळ निरुपयोगी होते. ७५ मिमी व्यासाच्या टाकीत संपूर्ण आडव्या छेदावर जाळी भरली तर आपला १०० लिटरचा प्रवाह तिच्यातून सेकंदाला ०.४ मीटरपेक्षाही हळू जाईल. तीच जाळी ४० मिमीच्या आतल्या नळकांड्यात भरली तर वेग १.३ मीटर मिळतो. म्हणजे साठवणीसाठी टाकी हवी तेवढी मोठी करावी, पण वायूची वाट जाळीपाशी आवळलेली असावी. मोठ्या डब्यात सैल जाळी कोंबून "बॅफल (आडपडदे) असलेली टाकी" म्हणून जे विकले जाते, त्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही.

एक सावधगिरी. जाळीऐवजी भांडी घासायची साधी लोखंडी घासणी भरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तिचे तुकडे पडतात, ती गंजते, आणि टाकीनंतरची नळी टर्बोच्या तोंडाशी जाते. कॉम्प्रेसरच्या चाकाची गती मिनिटाला लाखाच्या पलीकडे जाते. तेथे तारेचा बारीक तुकडाही नको. विणलेली स्टेनलेस जाळीच घ्यावी आणि वर-खाली छिद्रांच्या चकतीने ती जखडावी.

कुंभार्ली_उतार

हिशेब पटला. मग ती नळी पुन्हा टर्बोला जोडायचीच कशाला? टाकीच्या डोक्यावर छोटा फिल्टर लावून वायू मोकळा सोडला की तेल इनटेकमध्ये जाण्याचा प्रश्नच संपतो. ट्रॅकवरच्या कितीतरी गाड्यांत असेच केलेले दिसते.

स्क्रूटिनीवाला

शर्यतींच्या तांत्रिक तपासणीच्या कामात मी अधूनमधून असतो, त्यामुळे या प्रश्नाची नियमांची बाजू लिहितो.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी उत्तर सरळ आहे: भारत स्टेजच्या निकषांनुसार पेट्रोल गाडीच्या क्रँककेसमधले वायू वातावरणात सोडता येत नाहीत. नंबरप्लेट असलेल्या गाडीला उघडा ब्रीदर लावू नये. कायदा बाजूला ठेवला तरी तो वास केबिनमध्ये येतो आणि ज्या प्रवासात तो आला, त्या प्रवासात घरची मंडळी पुन्हा बसत नाहीत.

स्पर्धेसाठी एफआयएच्या (आंतरराष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या) नियमावलीतल्या परिशिष्ट जे मध्ये उघड्या ब्रीदरला टाकी सक्तीची आहे. २००० सीसीपर्यंत किमान दोन लिटर आणि त्यापुढे तीन लिटर, शिवाय टाकी अर्धपारदर्शक प्लास्टिकची किंवा पारदर्शक पट्टी असलेली हवी, म्हणजे पातळी बाहेरून दिसते. धागाकर्त्यांनी येथे एक बाब लक्षात घ्यावी. टर्बो पेट्रोल इंजिनाची क्षमता वर्गवारीसाठी १.७ ने गुणली जाते आणि गाडी त्या वाढीव क्षमतेचीच आहे असे मानले जाते. १३६८ गुणिले १.७ म्हणजे सुमारे २३२५. आपण दोन लिटरच्या गटात आहोत असे समजून टाकी बनवणारा तीन लिटरच्या गटात निघतो. भारतात स्पर्धा एफएमएससीआय या राष्ट्रीय मोटरस्पोर्ट महासंघाच्या छत्राखाली होतात आणि प्रत्येक आयोजनाची पुरवणी नियमावली असते. टाकी कापायला देण्यापूर्वी ती वाचावी. नुसत्या ट्रॅक-डेला इतकी काटेकोर अट बहुधा नसते, पण ट्रॅकवर तेल सांडले की सर्वांचाच दिवस वाया जातो, त्यामुळे तपासणारा माणूस ब्रीदरकडे पाहतोच.

उघड्या ब्रीदरच्या गाड्यांत मला एक गोष्ट वारंवार खटकते: फिल्टरची जागा. टर्बोच्या वर किंवा एग्झॉस्टच्या बाजूला फिल्टर असेल आणि टाकी भरून वाहिली, तर तेल थेट लाल तापलेल्या भागावर पडते. इंजिनाच्या खोलीतल्या आगींचे हे नेहमीचे कारण आहे.

लोटे_प्रक्रिया

नियमांत भर म्हणून तांत्रिक बाजू. टर्बो दाब देत असताना एअर फिल्टरच्या अडथळ्यामुळे टर्बोच्या तोंडाशी वातावरणापेक्षा थोडा कमी दाब असतो. बंद मांडणीत हा ओढा क्रँककेस रिकामे करायला मदत करतो, आणि नेमका तेव्हाच करतो जेव्हा वायू सर्वाधिक निसटत असतो. उघड्या मांडणीत हा ओढा मिळत नाही. क्रँककेसला स्वतःच्या दाबानेच वायू बाहेर ढकलावा लागतो. त्यामुळे उघडी मांडणी करायची तर नळ्या आणखी मोठ्या हव्यात.

स्क्रूटिनीवाला

येथे माझा थोडा मतभेद आहे. फक्त ट्रॅकवरच चालणाऱ्या गाडीत उघडी मांडणी मला अधिक निर्धोक वाटते, कारण टाकी भरली किंवा जाळी तुंबली तरी लिटरभर तेल टर्बोच्या तोंडात जाण्याची शक्यता उरत नाही. तेल थोडे थोडे जाते तेव्हा फक्त धूर होतो. एकदम गेले तर इंजिन जाते. बंद मांडणी करणाऱ्याने टाकीची पातळी प्रत्येक फेरीनंतर पाहण्याची शिस्त पाळली तर मला तीही चालेल.

लोटे_प्रक्रिया

ही शिस्त मान्य. त्याशिवाय टाकीची बाहेर जाणारी नळी आत शिरणाऱ्या नळीच्या बरीच वर ठेवली आणि साठवण दोन लिटरपेक्षा जास्त ठेवली, तर तो धोका व्यवहारात फारच कमी होतो. गाडी रस्त्यावरही चालते, तेव्हा बंद मांडणी हाच त्यांच्यासाठी योग्य पर्याय.

मिऱ्याबंदर

सर्वांचे आभार. यावरून आखणी अशी केली आहे. फक्त ब्रीदरच्या बाजूला टाकी लावायची. पीसीव्हीची बाजू तूर्त जशी आहे तशी ठेवायची, कारण ती कोरडी आहे आणि तेथे एकही जोड सैल राहिला तर न मोजलेली हवा मॅनिफोल्डमध्ये शिरून आयडलिंग बिघडते. पीसीव्हीची एकमार्गी झडप उतरवून तोंडाने फुंकून पाहिली. एका दिशेने हवा जाते, दुसरीकडून पूर्ण अडते. ती गळकी असती तर टर्बोचा दाब सरळ क्रँककेसमध्ये शिरला असता आणि कितीही मोठी टाकी पुरली नसती.

टाकी तीन लिटरची, उंच आणि अरुंद असेल. मध्ये ४० मिमीचे नळकांडे, त्यात विणलेली स्टेनलेस जाळी. आत येणारी नळी टाकीच्या भिंतीला स्पर्शरेषेत, म्हणजे वायू आत आल्यावर गोल फिरेल आणि मोठे थेंब जाळीपर्यंत पोहोचण्याआधीच भिंतीला लागतील. बाहेर जाणारी नळी झाकणातून. बाजूला पातळी दाखवणारी पारदर्शक नळी, तळाला बॉल व्हॉल्व्ह. दोन्ही नळ्यांचा आतील व्यास १९ मिमी. जागा पुढच्या डाव्या कोपऱ्यात, हेडलॅम्पच्या मागे, जेथे एग्झॉस्ट नाही आणि बंपरच्या जाळीतून वारा लागतो. इंजिनापासून टाकीकडे जाणारी नळी सुरुवातीला चढत नेली आहे, म्हणजे तिच्यात जमलेले तेल परत टॅपेट कव्हरमध्ये उतरेल, आणि मध्ये कोठेही झोळ राहू दिलेला नाही. झोळात तेल साचले की तेथे नळी बंद झाल्यासारखीच होते.

तेल आपोआप चेंबरमध्ये परत जाईल अशी मांडणी करावी का, असे एकाने विचारले होते. मी तसे करणार नाही. टाकीत जमते त्यात तेलाबरोबर पाणी, कच्चे पेट्रोल आणि आम्लयुक्त घाणही असते.

प्रश्न उरतो धातूचा. अॅल्युमिनियम की स्टेनलेस?

देवगड_डिझेल

लोट्याच्या परिसरात रासायनिक कारखान्यांसाठी स्टेनलेसच्या टाक्या आणि पाइपिंग करणारे आर्गॉन वेल्डिंगचे कारागीर भरपूर आहेत, त्यांच्यासाठी तीन लिटरची टाकी हे किरकोळ काम आहे. अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे स्वच्छ जोडणारा हात मात्र शोधावा लागतो. म्हणून मी स्टेनलेस सुचवेन. किनाऱ्यावर ३०४ वर तपकिरी डाग येतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने खारी हवा ती बऱ्यापैकी सोसते. बॉनेटखालच्या टाकीला ३०४ पुरेसे आहे. डाग दिसण्यापुरते असतात. वजन जास्त होईल, पण दीड मिमीच्या पत्र्यात ते आवाक्यात राहते.

अॅल्युमिनियमच घेतले तर लोखंडी ब्रॅकेटला ते थेट टेकवू नये. खारी हवा आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम खचू लागते आणि स्टेनलेसचा बोल्ट त्यात कायमचा अडकून बसतो. मध्ये रबर किंवा नायलॉनचे वॉशर घालावेत, आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावावे, पण तांब्याचे नको. ब्रॅकेट दोन ठिकाणी धरावे. भरलेली टाकी तीन-साडेतीन किलोंची होते आणि मुंबई-गोवा महामार्गाचे काही तुकडे ती एका बोल्टवर टिकू देणार नाहीत.

नळीबद्दल विशेष काळजी घ्यावी. रेडिएटरची काळी नळी साधारणपणे ईपीडीएम रबराची असते. तिला पाणी चालते, तेल चालत नाही, ती फुगून लोण्यासारखी मऊ होते. साधी सिलिकॉनची रंगीत नळी दिसायला सुंदर असते, पण तेलाची आणि पेट्रोलची वाफ तिच्यातून हळूहळू बाहेर झिरपते आणि वर धूळ चिकटते. नायट्राइलची तेल सोसणारी नळी घ्यावी, किंवा परवडत असेल तर आतून फ्लोरोरबराचा थर असलेली. टर्बोकडच्या ओढ्याने चपटी होणार नाही इतकी तिची भिंत जाड हवी.

सातार्डा_पेट्रोल

माझ्या गाडीला अशीच टाकी आहे. पावसाळ्यात तिच्यात तेलाऐवजी दुधट, पिवळसर मलईसारखे काहीतरी जमते. हेड गॅस्केट गेले असावे असे गॅरेजवाले म्हणतात. कूलंट मात्र कमी होत नाही.

लोटे_प्रक्रिया

कूलंट कमी होत नसेल, त्यात तेल दिसत नसेल आणि गाडी जास्त तापत नसेल, तर हेड उघडण्याची घाई करू नये. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी तयार होते. ते वाफेच्या रूपात एग्झॉस्टने जाते, पण निसटणाऱ्या वायूबरोबर त्यातला थोडा भाग क्रँककेसमध्येही उतरतो. इंजिन पूर्ण तापले तर ही वाफ ब्रीदरने निघून जाते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल तेवढे तापतच नाही. त्यात पावसाळ्यात ब्रीदरमधून आत येणारी हवाच ओलसर असते, आणि थंड टाकी बंपरच्या मागे वाऱ्यात असते. वाफेचे तेथे पाणी होते आणि ते तेलाबरोबर घुसळली जाते. टाकी रिकामी करून तासभर सलग गाडी चालवावी आणि पुन्हा पाहावे. मलई कमी झाली तर कारण हेच. तेलाच्या झाकणाखाली मात्र नुसता थर नसून डिपस्टिकवरचे तेलही दुधट दिसले, तर मग गॅरेजवाल्यांचे ऐकावे.

स्क्रूटिनीवाला

यात भर: टाकी लवकर भरते अशी तक्रार असेल तर आधी डिपस्टिक पाहा. लांब वळणांत पंपाला तेल कमी पडू नये म्हणून अनेक जण अर्धा लिटर तेल जास्त भरतात. मग फिरणारा क्रँक ते तेल घुसळतो आणि जास्तीचे तेल ब्रीदरमधून टाकीत येते. वळणात तेल कमी पडत असेल तर त्याचा उपाय चेंबरमध्ये आडपडदे घालणे हा आहे.

मिऱ्याबंदर

टाकी तयार होऊन बसली. ३०४ चीच केली. देवगडकरांच्या सूचनेप्रमाणे पाण्याच्या यू-नळीने आधी आणि नंतर दाब मोजला. साखरप्याकडून आंबा घाटाच्या चढाला, तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटलवर, मूळ मांडणीत फरक २० मिमीच्या आसपास येत होता. तुलनेसाठी मित्राकडची ९ मिमी निपलची तयार टाकी तात्पुरती जोडून पाहिली, तेव्हा पाणी शंभरच्या खुणेपलीकडे गेले आणि आम्ही थ्रॉटल लगेच सोडला. नव्या टाकीने आणि १९ मिमीच्या नळ्यांनी फरक २५ मिमीच्या आत आहे, म्हणजे जाळीचा अडथळा जवळजवळ जाणवत नाही.

ट्रॅकवर नेऊन आणल्यावर टाकीत गडद, पातळ तेल आणि तळाला थोडे पाणी निघाले. टाकीनंतरच्या नळीत पांढरे कापड फिरवले तर फिकट डाग आला; पूर्वी कापड ओले व्हायचे. पूर्ण कोरडी ती होणार नाही हे लोटेकरांच्या मायक्रॉनच्या हिशेबावरून अपेक्षितच होते. ताकद वाढल्याचा दावा मी करणार नाही, तसे मोजलेले नाही. उन्हात शेवटच्या काही फेऱ्यांत ईसीयू प्रज्वलन पूर्वीइतके मागे घेत नाही, एवढे नोंदींत दिसते. पण इंटरकूलरही त्याच वेळी धुतला होता, त्यामुळे श्रेय कोणाचे किती हे सांगता येणार नाही.

निघालेले तेल वापरलेल्या इंजिन ऑइलच्या कॅनमध्येच जमा करतो आणि ते नोंदणीकृत पुनर्वापरवाल्याकडे जाते. खाडीच्या कडेला राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, तरी बॉल व्हॉल्व्ह उघडून रस्त्याकडेला टाकी रिकामी करणारे पाहिले आहेत म्हणून लिहिले.

सातार्डा_पेट्रोल

लोटेकर, आपण सांगितल्याप्रमाणे गोव्यापर्यंत सलग चालवून आणली. मलई जवळजवळ नाहीशी झाली. हेड उघडले नाही. हीच टाकी घरच्या डिझेल एसयूव्हीला चालेल का?

देवगड_डिझेल

डिझेलचे गणित निराळे आहे. बहुतेक इंजिनांत क्रँककेसचा दाब राखणारा पडदा टॅपेट कव्हरमध्येच असतो आणि टाकी त्याच्या पुढेच लावावी लागते; शिवाय ईजीआरची (एग्झॉस्टचा काही वायू इनटेकमध्ये परत सोडणाऱ्या यंत्रणेची) काजळी तेलाच्या वाफेला मिळून इनटेकमध्ये डांबरासारखा थर होतो. त्यासाठी वेगळा धागा काढावा, मी तेथे लिहीन. इंजिनाचे नाव आणि ब्रीदरच्या नळीचा आतील व्यास पहिल्याच प्रतिसादात द्यावा.